हृदयात सोवळे-ओवळे नसते

आमच्या इमारतीतला आठवीतला एक मुलगा गेल्या रविवारी सकाळी वही घेऊन घरी आला. वहीत हृदयाची आकृती काढलेली होती. अर्धी बाजू निळ्या स्केचपेनने रंगवलेली, अर्धी लाल. "काका, निळं म्हणजे अशुद्ध रक्त आणि लाल म्हणजे शुद्ध रक्त, बरोबर ना?" मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता 'बरोबर' म्हणून मोकळा झालो. तो जिना उतरून गेलाही. हातातला चहा संपायच्या आत माझे मलाच बोचू लागले आणि मी त्याला खिडकीतून हाक मारून परत बोलावले. कारण याच दोन शब्दांनी दहा-अकरा वर्षांपूर्वी माझ्या हातून एका घरात फार मोठा घोळ झाला होता. आजचा लेख त्या घोळाबद्दल आणि त्या दोन शब्दांबद्दल आहे.

पर्वती पायथ्याला माझा दवाखाना आहे. तिथे एके दिवशी एक तरुण बाई सासूबरोबर दीड वर्षाची मुलगी घेऊन आली. तक्रार सर्दी-खोकल्याची. मी मुलीला खाली सोडायला सांगितले, ती चार पावले दुडूदुडू चालली आणि मध्येच उकिडवी बसली. पुन्हा उठली, चालली, पुन्हा बसली. सासूबाई हसून म्हणाल्या, "खेळताना अशीच बसती, जणू म्हातारीच." मला हसू आले नाही. मुलीचे ओठ रडताना जांभळट होत होते, बोटांची टोके जराशी फुगीर होती आणि छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा ठोक्यांच्या मध्ये खरखर स्पष्ट ऐकू आली. इको तपासणी करून घेतली. निदान निघाले 'फॅलटची टेट्रालॉजी'. म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणारा रस्ता अरुंद.

रिपोर्ट घेऊन ती मंडळी परत आली. मी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर हृदयाचे चित्र काढले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने बोललो, "हे बघा, इकडं अशुद्ध रक्त असतं, तिकडं शुद्ध. मध्ये भिंत असते. हिच्या भिंतीला भोक आहे, म्हणून अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळतंय."

सासूबाई माझ्या चित्राकडे पाहतच नव्हत्या. त्या सुनेकडे पाहत होत्या. मुलाने प्रेमविवाह केला होता आणि सुनेचे माहेर वेगळ्या जातीचे होते, हे मला नंतर कळले.

आठवड्याने ती सून एकटीच आली. नंबर लावून शेवटपर्यंत बसून राहिली. खुर्चीत बसल्यावर म्हणाली, "डॉक्टर, माझं रक्त तपासा. माझ्या रक्तात अशुद्ध काही नाही असं सर्टिफिकेट लिहून द्या. मला माहेरी धाडायचं चाललंय."

तीस वर्षांच्या डॉक्टरकीत रजेची, फिटनेसची, शाळेची, विम्याची किती सर्टिफिकिटे लिहिली त्याची मोजदाद नाही. असले सर्टिफिकेट मागायला आलेली ती एकच. आणि तिला ते मागायला मीच भाग पाडले होते.

आता त्या मुलाच्या वहीकडे वळू. हृदय म्हणजे ज्याच्या त्याच्या मुठीएवढा स्नायूंचा पंप. मोठ्या माणसात वजन साधारण तीनशे ग्रॅम. बी. जे. मेडिकलला पहिल्या वर्षी विच्छेदनाच्या हॉलमध्ये ते प्रथम हातात घेतले तेव्हा वाटलेले आश्चर्य अजून आठवते. कवी मंडळींनी ज्यावर एवढी शाई खर्च केली ते हे एवढेसे! आत चार कप्पे. वरचे दोन पातळ भिंतींचे, खालचे दोन जाड भिंतींचे. आम्ही शाळेत त्यांना कर्णिका आणि जवनिका म्हणत असू, आताची मुले अलिंद आणि निलय म्हणतात. नावे कोणतीही घ्या, काम तेच. (आकृतीत उजवा कप्पा कागदाच्या डाव्या बाजूला का, असा प्रश्न प्रत्येक मुलाला पडतो. समोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, तसेच ते.)

सर्व शरीरातून फिरून आलेले रक्त दोन मोठ्या शिरांवाटे उजव्या वरच्या कप्प्यात उतरते. एक शीर डोक्या-हातांकडून येते, दुसरी पोटा-पायांकडून. तिथून तीन पाकळ्यांची झडप ओलांडून ते उजव्या खालच्या कप्प्यात येते आणि हा कप्पा आकुंचन पावला की फुप्फुसांकडे ढकलले जाते. फुप्फुसात केसाहून बारीक नळ्यांचे जाळे आहे. तिथे रक्त जेमतेम पाऊण सेकंद थांबते. तेवढ्यात श्वासातला प्राणवायू रक्तात शिरतो आणि थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मग बहुधा चार शिरांवाटे ते डाव्या वरच्या कप्प्यात, दोन पाकळ्यांच्या झडपेतून डाव्या खालच्या कप्प्यात आणि तिथून महाधमनीत. एका ठोक्याला साधारण सत्तर मिलिलिटर, मिनिटाला पाच लिटर. अंगातले एकूण रक्तही पाच लिटरच्या आसपास. म्हणजे तुम्ही स्वस्थ बसून हा परिच्छेद वाचलात तेवढ्यात तुमच्या रक्ताची जवळजवळ एक फेरी होऊन गेली.

झडपा एकाच बाजूला उघडतात, त्यामुळे रक्ताला मागे फिरता येत नाही. त्या बंद होतानाचा आवाज म्हणजे आपल्याला ऐकू येणारी धडधड. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजव्याच्या तिप्पट जाड असते. रक्त मात्र दोन्ही बाजूंनी सारखेच जाते. फरक इतकाच की उजवीकडच्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंत जायचे आहे आणि डावीकडच्याला पायाच्या अंगठ्यापर्यंत. उजवीकडे दाब पंचवीसच्या आसपास पुरतो, डावीकडे एकशेवीस लागतो.

आता यातले शुद्ध कोणते आणि अशुद्ध कोणते? रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते. हिमोग्लोबिनचा प्रत्येक कण म्हणजे चार आसनांची गाडी समजा. फुप्फुसाच्या थांब्यावर चारही आसनांवर प्राणवायूचे प्रवासी बसतात आणि गाडी निघते. स्नायू, मेंदू, आतडी असे थांबे घेत ती परत येते तेव्हा किती जण उतरलेले असतात? विश्रांतीच्या वेळी सरासरी एकच. तीन प्रवासी बसलेलेच असतात. डॉक्टरी भाषेत सांगायचे तर धमनीतल्या रक्तात प्राणवायू ९५ ते १०० टक्के भरलेला असतो आणि हृदयाकडे परतलेल्या रक्तात ७० ते ७५ टक्के. ज्याला आपण बिनदिक्कत अशुद्ध म्हणतो ते रक्त तीन चतुर्थांश भरलेले असते. स्वारगेटहून गच्च भरून निघालेली बस परतताना चार आसने रिकामी घेऊन आली तर तिला आपण 'अशुद्ध बस' म्हणतो काय?

कोणी म्हणेल, पण कार्बन डायऑक्साइड? तोही पाहू. परतीच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे हा वायू साधारण ५२ मिलिलिटर असतो. आणि 'शुद्ध' रक्तात? ४८. फरक चार मिलिलिटरचा. बाकीचा शरीर मुद्दाम ठेवून घेते, कारण रक्ताची आम्लता सांभाळायला तो लागतो.

याहून गमतीची गोष्ट मूत्रपिंडाची आहे. रक्तातला खरा केरकचरा, म्हणजे युरिया वगैरे, गाळून टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे. तिथे जाणारे रक्त धमनीतून जाते, म्हणजे 'शुद्ध'. गाळून झाल्यावर ते शिरेतून बाहेर पडते, म्हणजे 'अशुद्ध'. युरियाच्या हिशेबाने अंगातले सर्वांत स्वच्छ रक्त हे मूत्रपिंडातून निघणाऱ्या त्या तथाकथित अशुद्ध शिरेतच असते! आणि ज्या हृदयासाठी हा सगळा खटाटोप, त्याचे स्वतःचे काय? हृदय आपल्या कप्प्यांतल्या रक्तावर जगत नाही. महाधमनीच्या अगदी मुळाशी फुटणाऱ्या दोन बारीक धमन्यांतून त्याला वेगळा पुरवठा होतो (याच तुंबल्या की हार्ट अॅटॅक येतो) आणि त्या रक्तातला प्राणवायू ते इतका ओरबाडून घेते की हृदयाच्या स्नायूतून परतणारे रक्त अंगात सर्वांत काळपट रक्तांपैकी एक असते. आपल्या व्याख्येप्रमाणे सर्वांत 'अशुद्ध' रक्त हृदयाचे स्वतःचेच ठरायचे.

निळ्या रंगाबद्दलही एक सांगून टाकतो. शिरेतले रक्त निळे नसते, गडद तांबडे असते. कातडीतून पाहिल्यामुळे शीर निळसर दिसते. जुन्या पुस्तकांत तर शिरेला 'नीला' असेच नाव होते. रंग ही सोय आहे, नकाशात पुणे जिल्हा पिवळा दाखवला म्हणून आपण काही पिवळ्या मातीवर राहत नाही.

मग हे शब्द आले कोठून? दोष मराठीचा एकटीचा नाही. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याने सांगून ठेवले होते की हृदयाच्या मधल्या भिंतीला अदृश्य छिद्रे असतात, त्यांतून रक्त पाझरते आणि डावीकडे त्याला चैतन्य मिळते. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने लिहिले की भिंतीला छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसातून फिरून येते. युरोपात गॅलेनचा शब्द मात्र हजाराहून अधिक वर्षे प्रमाण मानला गेला. १६२८ साली विल्यम हार्वेने साधा गुणाकार केला. एका ठोक्याला इतके, तासाला इतके, मग एवढे रक्त रोज नवे तयार होणार कसे? ते फिरतच असले पाहिजे. तरीही दोन रंगांचे कारण त्यालाही सांगता येत नव्हते, कारण प्राणवायूचा शोधच अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लागला. तोवर काळपट ते मळलेले आणि लालभडक ते धुतलेले असे वाटणे स्वाभाविक होते. इंग्रजी शालेय पुस्तकांतूनही 'प्युअर' आणि 'इम्प्युअर' हे शब्द आपल्याकडे चालतच आले.

पण इंग्रजीत तो नुसता चुकीचा शब्द आहे. आपल्याकडे तसे नाही. ज्या समाजात पाण्याचे हंडे शुद्ध आणि अशुद्ध होते, सावल्या अशुद्ध होत्या, चार दिवस बाजूला बसलेली बाई अशुद्ध होती, तिथे 'अशुद्ध रक्त' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात शरीरशास्त्र उमटत नाही. दुसरेच काहीतरी उमटते. पेठांतल्या जुन्या वाड्यांत सोवळ्याची वेगळी दोरी असायची, ते मी लहानपणी पाहिलेले आहे. वाडे पाडून सोसायट्या उभ्या राहिल्या. दोरी मात्र पुष्कळांच्या मनात तशीच बांधलेली आहे.

त्या सुनेला मी सर्टिफिकेट दिले नाही. दिले असते तर रक्ताला असले सर्टिफिकेट असते हे मान्य केल्यासारखे झाले असते. सासूबाई मधुमेहाच्या, महिन्याच्या महिन्याला साखर तपासायला यायच्या. त्या आल्या तेव्हा त्यांच्या दंडाला पट्टा बांधून शिरेतून रक्त काढले आणि नळी त्यांच्या समोर धरली.

"आजी, हे रक्त शुद्ध की अशुद्ध?"

"माझं? शुद्धच की!"

"पुस्तकाप्रमाणं अशुद्ध. शिरेतलं सगळं रक्त अशुद्धच असतं. माझंही, तुमच्या मुलाचंही."

आजी नळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग पुस्तकच चुकलं असंल."

मी म्हणालो, "पुस्तक चुकलं आणि तुमचा डॉक्टरही चुकला." मग सगळे पुन्हा, पण नीट सांगितले. नातीच्या हृदयाच्या भिंतीला भोक आहे आणि फुप्फुसाकडची वाट चिंचोळी आहे. त्यामुळे काही रक्त फुप्फुसात न जाताच पुढे निघून जाते. गाडी थांब्यावर न थांबता, प्रवासी न घेताच पुढे जावी तशी. म्हणून ओठ जांभळे होतात. ती उकिडवी बसते कारण पाय दुमडले की अंगाकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि तेवढेच जास्त रक्त फुप्फुसाकडे वळते. हे त्या पोरीला कोणी शिकवलेले नाही, तिचे तिला उमगले आहे. यात आईच्या रक्ताचा, बापाच्या रक्ताचा, जातीचा काही संबंध नाही. गर्भ पाच ते आठ आठवड्यांचा असताना, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे नीटसे कळलेलेही नसते तेव्हा, हृदयाची घडण चाललेली असते. हजार जन्मांत साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष राहतो. बहुतेकांत कारण सापडत नाही. काहींत सापडते. आईला सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला, ताब्यात नसलेला मधुमेह, काही औषधे, काही जनुकीय दोष. जवळच्या नात्यातल्या लग्नात हा धोका थोडा वाढतो. शेवटचे वाक्य मी मुद्दामच सांगितले. आजींचे स्वतःचे लग्न मामाच्या मुलाशी झालेले होते.

त्यांचे सगळे पटले असे मी म्हणणार नाही. पण सुनेला माहेरी धाडायचे मागे पडले आणि बोलणे ऑपरेशनवर आले, मला तेवढे पुरे होते.

या रोगाच्या पहिल्या शस्त्रक्रियेची हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात नोव्हेंबर १९४४ मध्ये ती झाली. कल्पना हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंची. त्यांना ऐकू कमी येत असे, म्हणून त्या बाळाच्या छातीवर बोटे ठेवून हृदयातली थरथर ओळखत. चाकू हाती धरला तो आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी. पण प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करून बसवली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने. तो डॉक्टर नव्हता, पगारपत्रकावर त्याची नोंद बराच काळ सफाई कामगारांच्या वर्गात होती. ऑपरेशनच्या दिवशी तो ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून टाका कुठे आणि कसा घालायचा ते सांगत होता. त्यांनी केले काय? हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडून दिली. म्हणजे एकदा अंगाकडे निघालेले, आपल्या भाषेत 'शुद्ध' बाजूचे रक्त मुद्दाम 'अशुद्ध' नळीत सोडले. आणि निळी पडलेली मुले गुलाबी झाली. विद्यापीठाने थॉमसला मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली, बत्तीस वर्षांनी. शुद्ध-अशुद्धाचा रोग काही आपल्याकडेच आहे असे नाही.

आता एवढ्यावर थांबावे लागत नाही. हृदय थांबवून, यंत्रावर रक्त फिरते ठेवून भिंतीचे छिद्र पॅचने बुजवतात आणि अरुंद वाट मोकळी करतात. आमच्या छोकरीचे तसेच झाले. सरकारी योजनेतून झाल्यामुळे घर विकावे लागले नाही. ऑपरेशनला रक्त लागले तेव्हा तिचे वडील आणि मामा दोघेही ब्लड बँकेत जाऊन रक्त देऊन आले. आजींनी मला फोन करून हळूच विचारले, "डॉक्टर, पोरीला कुणाचं चढवलं?" मी म्हणालो, "ते मलाही ठाऊक नाही आणि पोरीच्या हृदयालाही नाही."

रक्तदानाचा मुद्दा इथे ध्यानात घ्या. रक्तदान करताना सुई शिरेत घालतात. म्हणजे ससूनला काय किंवा आणखी कुठे काय, अपघातातल्या माणसाला, बाळंतिणीला जी बाटली चढते ती पुस्तकी भाषेत अशुद्ध रक्ताचीच असते. माणसे त्याच रक्तावर जगतात. बघायचे असते ते रक्तगट जुळतो का, आणि रक्तात एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया यांचा संसर्ग नाही ना. संसर्ग असेल तर त्या रक्ताला 'दूषित' म्हणावे. तो शब्द तिथे योग्य आहे आणि त्याची तपासणी प्रयोगशाळेत होते. हृदयाचेही असेच. ऑगस्ट २०१५ मध्ये मेंदू मृत झालेल्या एका महिलेचे हृदय पुण्याहून मुलुंडला रस्ता मोकळा ठेवून दीड-पावणेदोन तासांत नेले आणि एका तरुणाच्या छातीत बसवले. फेब्रुवारी १९६८ मध्ये के.ई.एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलेल्या प्रयत्नात रुग्ण काही तासच जगला होता, त्यानंतर मुंबईने हा दिवस पाहायला सत्तेचाळीस वर्षे घेतली. अशा वेळी डॉक्टर रक्तगट पाहतात, देहाचा आकार पाहतात, घड्याळ पाहतात. तिसरे-चौथे काही पाहायला सवडही नसते.

या शब्दाची दुसरी शिकार म्हणजे पाळीच्या तक्रारी असलेल्या बायका. हे मी अधिक वेळा पाहतो आणि अधिक चिडतो. महिन्याला आठ-आठ, दहा-दहा दिवस अंगावरून जाते, गाठी पडतात, पण घरातली वडीलधारी सांगते, "अशुद्ध रक्त आहे, जाऊ दे. अडवलं तर डोक्यात चढतं." गेल्या पावसाळ्यात चाळिशीतली एक पोळ्या करणारी बाई जिना चढून धापा टाकत आली. छातीत धडधडते म्हणाली. नाडी ११०, पापण्या कागदासारख्या पांढऱ्या, पायांवर सूज. हिमोग्लोबिन ५. वर्षभर हे चालले होते. डॉक्टरकडे का आला नाहीत, तर "घाण निघून जातेय, बरंच आहे की" असे तिला वाटत होते.

पाळीचे रक्त घाण नसते. ते गर्भाशयाचे अस्तर आणि अंगात फिरणारे तेच रक्त. ते फार गेले की गाड्या कमी पडतात. गाड्या निम्म्या झाल्या पण प्रवासी तेवढेच पोचवायचे, तर फेऱ्या वाढवाव्या लागतात. हृदय नेमके तेच करते. ते जोरात पळते, वर्षभर पळत राहिले की थकते, फुगते, पायांत पाणी साठू लागते. त्या बाईच्या हृदयात जन्मतः काही दोष नव्हता. लोह, रक्त आणि गर्भाशयातल्या गाठीवर उपचार एवढ्यावर ती सावरली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचे मुख्य कारण ताटातले आहे हे खरे, पण 'अशुद्ध ते जाऊ दे' या समजुतीनेही त्यात आपला वाटा घातलेला आहे, असे माझे दवाखान्यातले मत आहे. गुढीपाडव्याला कडुनिंब खाऊन रक्त शुद्ध झाले असे कोणी म्हटले तर मी हसून सोडून देतो, मीही खातो. पाळीच्या बाबतीत सोडून देत नाही.

शाळांतल्या शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे. फळ्यावर निळा-लाल खडू जरूर वापरा, पण शब्द बदला. 'प्राणवायूने भरलेले रक्त' आणि 'प्राणवायू कमी असलेले रक्त' म्हणा. लांब वाटत असेल तर 'जातीचे' नको, 'जाणारे रक्त' आणि 'येणारे रक्त' म्हणा. इमारतीतल्या त्या मुलाला मी तसेच लिहायला लावले. तो म्हणाला, "आणि बाईंनी मार्क कापले तर?" मी म्हणालो, बाईंना माझ्याकडे पाठव. अजून कोणी आलेले नाही. आम्हा डॉक्टरांनाही हेच लागू आहे. हे सगळे लिहिणाऱ्या माझ्या तोंडूनही घाईच्या वेळी तो शब्द अजून निसटतो, आणि मग आमची नर्स कपाटाकडे तोंड करून खोकते.

ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांच्यासाठी थोडे. दूध पिताना बाळ दमते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, वारंवार न्यूमोनिया होतो, रडताना ओठ-जीभ निळसर होतात किंवा चालू लागल्यावर मूल पुन्हा पुन्हा उकिडवे बसते, यांतले एकही दिसले तरी छाती तपासून घ्या. रंग दिवसाच्या उजेडात, ओठांवर आणि जिभेवर पाहा. थंडीने बोटे निळी पडतात, ती वेगळी गोष्ट. आणि मूल फिकट असेल, अंगात रक्तच कमी असेल, तर प्राणवायू कमी असूनही निळेपणा दिसत नाही, हे लक्षात ठेवा. बाळंतपण झाल्यावर घरी सोडण्यापूर्वी बाळाच्या पायाला ऑक्सिमीटर लावून पाहायला सांगा. कोविडनंतर घरोघर पडून असलेला बोटाचा ऑक्सिमीटर त्यासाठी चालत नाही, बाळाचा वेगळा असतो. आकडा ९५ च्या खाली आला तर पुन्हा मोजून बालरोगतज्ज्ञाला दाखवावे, ९० च्या खाली असेल तर त्याच दिवशी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येऊन मुले तपासतात आणि हृदयदोष निघाल्यास पुढची सोय करून देतात. पथक यायच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. मूल खासगी शाळेत असेल तर एकदा तरी शर्ट काढून, शांत खोलीत, स्टेथोस्कोपने छाती तपासून घ्या. शर्टावरून ऐकलेली खरखर बऱ्याचदा शर्टाचीच असते.

ती मुलगी आता बारा-तेरा वर्षांची आहे. छातीवर उभा व्रण आहे आणि वर्षातून एकदा तपासणीला जावे लागते. मागच्या महिन्यात आजींना धरून दवाखान्यात घेऊन आली होती. आजींची साखर २४० निघाली. गणपतीतले मोदक त्यांनी माझ्यासमोर साफ नाकबूल केले, नातीने सगळे सांगून टाकले.